वाचक विचारतात : मोझार्टच्या वहीतला फिशर

प्रश्न : माझी नात आठवीत आहे, कॉलेज रोडला पियानोच्या क्लासला जाते. सरांनी तिला मोझार्टच्या १२ व्हेरिएशन्स दिल्यात आणि वर लिहिलंय ‘फिशरच्या मिन्युएटवर’. कोण हा फिशर विचारलं तर म्हणते असेल कोणी मासेवाला. खरं कोण?
(एक आजोबा, गंगापूर रोड)

उत्तर : काका, नात अर्धी बरोबर आहे हो, जर्मनमधे फिशर म्हणजे कोळीच. पण हा ओबो वाजवायचा, म्हणजे फुंकून वाजवायचं एक पाश्चात्त्य वाद्य. योहान क्रिस्टियान फिशर, जन्म १७३३, गाव फ्रायबुर्ग. आधी ड्रेस्डेनच्या दरबारात नोकरी, मग थोडे दिवस बर्लिनला फ्रेडरिक राजाकडे, आणि तो राजा स्वतः बासरी वाजवायचा म्हणजे बघा, साहेब बेसूर झाला तरी मान डोलवायची हे नोकरदार माणसाला वेगळं सांगायला नको. १७६८ ला लंडनमधे त्याचा कार्यक्रम झाला, त्याच कार्यक्रमात थोरल्या बाखचा (जर्मन संगीतकार) धाकटा मुलगा पियानोवर एकटा वाजवायला बसला होता, लंडनमधे जाहीर कार्यक्रमातला पहिला पियानो सोलो तोच असं मानतात. नातीला हे सांगा, आवडेल.

फिशर लिहायचाही, मुख्यतः स्वतःला वाजवायला ओबोचे कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि वाद्यवृंद साथीला. त्यातलीच ही मिन्युएटची (हा एक जुना नाच) चाल, आणि ती अशी चालली की १७७४ मधे १८ वर्षांच्या मोझार्टने तिच्यावर १२ व्हेरिएशन्स, म्हणजे तीच चाल फिरवून नटवलेली बारा रूपं, रचल्या आणि पुढे गावोगाव वाजवत फिरला. १७७८ ला पॅरिसमधे एका सरदारणीकडे गेला तर बिनशेकोटीच्या गारठलेल्या खोलीत अर्धा तास बसवून ठेवलं, पियानो भिकार, बोटं बधिर (निफाडला पारा उतरतो त्या दिवसांत पहाटे हार्मोनियम धरून बघा म्हणजे कळेल), आणि मंडळी चित्रं काढण्यात गुंग. त्याने ह्याच फिशर व्हेरिएशन्स सुरू केल्या आणि अर्ध्यात उठला. मग बाईंचे यजमान आले, शेजारी बसून मन लावून ऐकायला लागले, तेव्हा कुठे हा थंडी विसरून वाजवायला लागला. सगळं वडलांना पत्रात लिहून कळवलंय, तक्रारीसकट.

आता गंमत. लहानपणी हॉलंडमधे मोझार्टला फिशरचं वाजवणं फार आवडलेलं. १७८७ मधे व्हिएन्नात पुन्हा ऐकलं तर पत्रात नुसती साल काढलीये, शिकाऊ पोरासारखा वाजवतो, सूर नाकातून येतो, वाद्यवृंदाची सुरुवातच पाव तास चालते आणि मग आमचे नायक शिशाचे पाय उचलत उचलत येतात. ह्याच्या तीनच वर्षं आधी लंडनला हँडेल ह्या संगीतकाराच्या स्मरणार्थ मोठा सोहळा झाला, तेव्हा इंग्लंडच्या राजाने ह्याच फिशरबद्दल लिहून ठेवलंय की त्याच्या सुराने एवढी प्रचंड वास्तू भरून गेली. तीन वर्षांत माणूस एवढा बिघडतो का? मला विचाराल तर फिशर होता तिथेच होता, मोझार्टचे कान पुढे गेले. आणि ज्याच्या चालीवर इतकी वर्षं टाळ्या घेतल्या त्याच्याबद्दल थोडं जपून लिहायला हरकत नव्हती असं आपलं माझं मत.

प्रश्न : ओबो म्हणजे जर्मन सनईच ना? आमच्या घरी तीन पिढ्या सनई आहे म्हणून विचारतोय.
(पंचवटीतले एक वाजवणारे)

उत्तर : दादा, चुलत भाऊ म्हणा. दोन्हीकडे आवाज दोन पत्त्या एकमेकींवर थरथरून निघतो आणि नळी खाली रुंद होत जाते. पण सनईला चाव्या (भोकं झाकायच्या धातूच्या पट्ट्या) नाहीत, सगळं बोटं आणि ओठांवर. फिशरच्या काळच्या ओबोलाही दोन-तीनच असायच्या, आजचा ओबो चाव्यांनी नुसता लगडलेला असतो. त्यांची पत्ती नळासारख्या पोकळ गवताची, वाजवणारा बहुतेक स्वतःच चाकूने तासून धाग्याने बांधतो, आणि तीही तुमच्यासारखीच तोंडात ओली केल्याशिवाय बोलत नाही. एका लग्नात मी सनईला दोऱ्याने लटकणाऱ्या जास्तीच्या पत्त्यांपैकी एक ‘बघू जरा’ म्हणून चिमटीत धरली आणि टोक चिरलं, ते काका काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. अजून आठवतं.

श्वासाचं मात्र वेगळंय. ओबोचं तोंड इतकं बारीक की हवा संपत नाही, उलट वापरलेली हवा छातीत साठून गुदमरायला होतं, आधी ती सोडा मग नवी घ्या. तुमच्याकडे गालात हवा धरून नाकाने श्वास घेत सूर अखंड ठेवतात. शेजारी सूर धरणारा साथीदार असतो तसा ओबोवाल्याला नसतो, पण मान बघा, अख्खा ऑर्केस्ट्रा आपली वाद्यं त्याच्या सुरावर जुळवून घेतो.

प्रश्न : ह्या फिशरचं पेंटिंग आहे म्हणे, आणि त्यामागे काहीतरी घरगुती भानगड?
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : ताई, आहे. थॉमस गेन्सबरो, मोठा चित्रकार आणि संगीतवेडा, स्वतः व्हायोला द गांबा (गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजवायचा. फिशर त्याच्या घरी येणंजाणं असलेला. चित्रात तो पियानोसारख्या वाद्याला टेकून उभा आहे, हातात लिहायचं पीस, नजर वर कुठेतरी, ओबो बाजूला नुसता पडलेला. घरात दोन मुली, बापाला वाटलं ह्याचं लक्ष धाकटीकडे, आणि निघालं थोरलीकडे. १७८० च्या फेब्रुवारीत मेरीशी लग्न झालं, बापाने नाइलाजाने हो म्हटलं, आणि काही महिन्यांतच दोघं वेगळे झाले. ती परत माहेरी. चित्र इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

फिशर पुढे राणीच्या पदरी राहिला. १७८६ मधे राजाच्या वाद्यवृंदाचं प्रमुखपद मागितलं, मिळालं नाही, तेव्हा काही वर्षं युरोपभर हिंडला, व्हिएन्नाचा तो प्रसंग त्यातलाच. १७९० च्या सुमारास लंडनला परतला आणि २९ एप्रिल १८०० ला राणीच्या वाड्यात वाजवता वाजवता त्याला झटका आला, त्यातच गेला.