दुकानातून विंडोज टाकून घेतलं, दर काही महिन्यांनी परत ॲक्टिव्हेट करा म्हणतं, काय करू?

आधी ॲक्टिव्हेशनची की (लायसन्सचा कोड) कुठली टाकलीये ते बघ. रन (कमांड टाइप करायची छोटी विंडो) उघडून इंग्लिश अक्षरांत एसएलएमजीआर, मग स्पेस, मग /एक्सपीआर टाइप कर, पर्मनंट आलं तर ठीक, पण एक्सपायरीची तारीख दिसली तर ते केएमएस, म्हणजे कंपन्यांमध्ये त्यांच्याच सर्व्हरवरून होणारं ॲक्टिव्हेशन असणार, ते 180 दिवसांचं असतं आणि कंपनीचा सर्व्हर सापडला नाही की परत बोंब, घरच्या पीसीवर ते टिकायचं नाही, सरळ दुकानदाराला धर. मदरबोर्ड बदललाय का? मग आधीपासून लिंक असलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये (अडचण शोधणारं टूल) हार्डवेअर बदलल्याचा ऑप्शन घे. आणि हो, पीसीचं घड्याळ सारखं मागे जात असेल तर पहिला मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदल, तारीख चुकीची असली की ॲक्टिव्हेशनच्या सर्व्हरशी कनेक्टच होत नाही बऱ्याचदा.