गावच्या वाचनालयात आरएफआयडी लावावं का?

प्रश्न : आमचं 'क' वर्ग वाचनालय आहे, सगळा कारभार रजिस्टरवर. एक एजंट आरएफआयडी (पुस्तकात चिप लावून ती रेडिओ लहरींनी वाचायची सोय) लावा म्हणून मागं लागलाय, कमिटीतले काही जण पण हो म्हणायलेत. काय करावं? - एक वाचक, वसमत

उत्तर : आत्ता नको! आरएफआयडीला प्रत्येक पुस्तकात चिपचा टॅग, शिवाय तो वाचणारा रीडर, दारात गेट, हा खर्च मोठ्या लायब्ररीला परवडतो, तुमचं काम बारकोडवर निघतं. आधी पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर आणा, ती नसेल तर टॅग लावून करायचं काय? त्यासाठी कोहा नावाचं लायब्ररीचं सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक लायब्ररीसाठी बनलेलं, 2000 पासून वापरात, लायसन्सचा एक रुपया नाही.

खरी मजा पुढं आहे. कोहाच्या एकाच सर्व्हरवर बऱ्याच लायब्ऱ्या शाखा म्हणून चालतात, म्हणजे आसपासच्या चार-पाच वाचनालयांनी मिळून सर्व्हरचा खर्च वाटून घेतला की कुठलं पुस्तक कुणाकडं आहे ते घरबसल्या मोबाईलवर दिसतं आणि तेच पुस्तक सगळ्यांनी विकत घ्यायची गरज राहत नाही. झेड 39.50 नावाच्या सोयीनं दुसऱ्या लायब्ररीनं केलेली पुस्तकाची तयार नोंद पण उचलता येते, पण अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडच्या मराठी पुस्तकांच्या नोंदी जास्त करून रोमन लिपीत असतात, त्यामुळं देवनागरी टायपिंग तुम्हालाच करावं लागणार, युनिकोडमध्येच (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाईलवर वाचता येईल असं) करा बरं का. नेट गेलं तर ऑफलाइन देवघेव करून नंतर चढवता येते, आपल्याकडं ते लागतंच. आणि बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा.