जुन्या सर्व्हरची आयएलओ फाइल नव्यावर भरली आणि आयएलओ गायब झालं, आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत एचपीचे दोन प्रोलायंट सर्व्हर आहेत. (आयएलओ म्हणजे सर्व्हरमध्येच बसवलेला छोटा स्वतंत्र भाग, त्यातून सर्व्हर लांबून चालू-बंद करता येतो आणि बघता येतो.) जुन्याच्या आयएलओची सेटिंग एचपीऑनसीएफजीनं (आयएलओची सेटिंग काढायची-भरायची एचपीची कमांड) फाइलीत काढली, फक्त आयपी बदलला आणि नव्यावर भरली. सर्व्हर चालू आहे, पण आयएलओ पिंगला उत्तर देत नाही. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून परत तिकडं जावं लागेल का?

नाही लागणार. व्हीपीएनवरून (कंपनीच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) नव्या सर्व्हरच्या विंडोज किंवा लिनक्समध्ये शिरता येतंय ना, मग तिथूनच दुरुस्त होतं. एचपीऑनसीएफजी आयएलओशी नेटवर्कवरून बोलत नाही, मशीनच्या आतूनच ड्रायव्हरमार्फत बोलतं. त्यामुळं आयपी चुकला तरी ही वाट बंद होत नाही. रूट किंवा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि डब्ल्यू पर्याय देऊन आत्ताची सेटिंग नव्या फाइलीत काढा.

घोळ 'फक्त आयपी बदलला' यातच आहे. बाकीची सगळी फाइल जुन्या मशीनचीच राहिली. नेटवर्कच्या भागात आधी डीएचसीपी (पत्ता आपोआप घ्यायची सोय) बघा. तिथं 'वाय' राहिला असेल तर तुम्ही घातलेल्या आयपीला काही अर्थ नाही, राऊटर देईल तो पत्ता लागतो. मग शेअर्ड नेटवर्क पोर्ट, म्हणजे आयएलओनं स्वतःचा पोर्ट सोडून सर्व्हरचाच नेटवर्क पोर्ट वापरणं. जुन्यावर तो चालू असेल आणि नव्याची केबल मागच्या 'आयएलओ' लिहिलेल्या पोर्टात असेल, तर बरोबर तुमच्यासारखंच होतं: सर्व्हर जिवंत, आयएलओ गायब. माझा पहिला संशय यावरच. व्हीलॅनचा (नेटवर्कच्या विभागाचा) आकडा, गेटवे आणि डीएनएस नाव (नेटवर्कवर मशीन ज्या नावानं सापडतं ते) हेही तपासा; दोन आयएलओंना एकच नाव राहिलं की पुढं नावानं शोधताना भलतंच मशीन उघडतं, आणि चुकून चालू ईआरपीचा सर्व्हर रीसेट होतो.

दुरुस्तीची फाइल छोटी ठेवा. ती एक्सएमएलची, म्हणजे टॅगांत लिहिलेली साधी मजकूर फाइल असते. वरचे रिबसीएल आणि लॉगिनचे टॅग, त्यात मोड 'राइट' असलेला रिब इन्फो, त्यात नेटवर्क सेटिंगचा भाग आणि त्यात बदलायच्या तेवढ्याच ओळी: आयपी, सबनेट मास्क, गेटवे, डीएचसीपी 'एन', शेअर्ड पोर्ट 'एन'. लॉगिनचा टॅग असावाच लागतो, पण आतून चालवताना त्यातलं नाव-पासवर्ड सहसा तपासलं जात नाही. (नव्या आयएलओत होस्टकडूनही लॉगिन मागायची सेटिंग असते, ती चालू असेल तर खरं नाव-पासवर्ड द्यावं लागेल.) युजरचे भाग तर काढूनच टाका. फाइल काढताना पासवर्ड बाहेर येत नाहीत, त्या जागी टक्क्यांच्या चिन्हांत नुसती जागा धरलेली असते. ती फाइल तशीच दुसरीकडं भरायची नसते.

फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये लिहा, वर्डमध्ये नको. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं आणि एक्सएमएल वाचलंच जात नाही. कीबोर्ड मराठीवर राहिला तर आयपीत देवनागरी अंक पडतात, तेही चालत नाहीत. पासवर्डात '&' असेल तर तो एक्सएमएलच्या पद्धतीनं, म्हणजे '&' असा लिहावा लागतो.

एफ पर्यायानं फाइल भरली की आयएलओ स्वतः रीसेट होतं, सर्व्हर नाही. दोनेक मिनिटं थांबा, मग पिंग करा. परत डब्ल्यूनं सेटिंग काढून ताडून बघा. कुठली ओळ लागली नाही ते लगेच दिसतं.

एक जाताजाता. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, तेव्हा घरबसल्या सर्व्हर चालू-बंद करता यायची किंमत कळाली, हे खरं. पण त्यासाठी राऊटरवर ४४३ नंबरचा पोर्ट (वेबपानांची वाट) उघडून आयएलओ थेट इंटरनेटवर टाकू नका, व्हीपीएनच ठेवा. आयएलओ ४ मध्ये लॉगिनशिवाय आत शिरता येईल अशी फट २०१७ साली उघड झाली. ती फर्मवेअरच्या (आयएलओच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) २.५३ आवृत्तीत बुजवली. तुमचा जुना प्रोलायंट त्याच पिढीतला असेल तर आधी त्याची आवृत्ती बघून घ्या.