टीमच्या बोर्डवर प्रत्येक कामाला वेगळा नंबर द्यावा का? त्यात ग्राहकाचं नाव, महिना घालावा का? (आम्ही ट्रेलो, म्हणजे कामांची कार्डं लावायचं ऑनलाइन बोर्ड, वापरतो)

नंबर हवाच. पण त्यात ग्राहक आणि महिना कोंबायचा बेत सोडा.

मी जळगावात जिनिंगवाले आणि केळी व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमचं काम बघतो. एक जण कायम रावेर-यावलकडे ग्राहकांकडे फिरतीवर. त्याचा फोन येतो, "भो, त्या पावतीचं झालं का?" आता आमच्या बोर्डवर पावतीची कार्डं नेहमीच ढीगभर: पावतीवर वजन दोनदा येतं, पावती प्रिंट होत नाही, पावतीत हमाली धरली नाही. इकडचा एका पावतीबद्दल "झालं" म्हणतो आणि तिकडचा भलत्याच पावतीचा शब्द ग्राहकाला देऊन मोकळा होतो.

बोर्डसमोर बसलेल्याला नंबर फारसा लागत नाही, कार्ड दिसतंच. तो लागतो बोर्डाबाहेर: फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, कोडच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत). म्हणून तो तोंडी सांगता येईल इतका आखूड असावा. 'जिन-मार्च-बिल-०७' हे गाडीवर बसलेल्या माणसाला फोनवर सांगून बघा.

शिवाय अर्थ भरला की तो बदलतो. मार्चचं काम जूनवर जातं, एका ग्राहकाची तक्रार पाच जणांची निघते, नंबर मात्र जुनंच सांगत बसतो. शेताचा गट नंबर बघा ना, कपाशी काढून केळी लावली तरी त्याला फरक पडत नाही.

नंबर हाताने शीर्षकात लिहू नका. एकाच दुपारी दोघे जण '२१५' घेतात. ते टूलवर सोडा. ट्रेलो प्रत्येक कार्डाला नंबर देतंच, फक्त तो कार्डावर सहसा दिसत नाही. पॉवर-अप (ट्रेलोला वरून जोडायची सोय) जोडून दाखवता येतो. अडचण एवढीच की तो त्या बोर्डापुरता असतो, कार्ड दुसऱ्या बोर्डावर हलवलं की बदलतो. कार्डाच्या लिंकमधला आठ अक्षरांचा कोड मात्र टिकतो, म्हणून लेखी निरोपात लिंकच टाका. जिरा या कामं नोंदवायच्या दुसऱ्या टूलमध्ये प्रोजेक्टची अक्षरं आणि पुढे आकडा असतो. प्रोजेक्ट बदलला की नवा नंबर मिळतो, पण जुनी लिंक नव्या जागी नेते. कोड ठेवायच्या गिटहबवर इश्यू (नोंदवलेली कामं) आणि पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल घ्या अशी विनंती) एकाच रांगेत मोजले जातात, त्यामुळे इश्यूंच्या यादीत मधले आकडे गायब दिसले तर घाबरू नका. तिथे पुल रिक्वेस्टच्या वर्णनात 'फिक्सेस #२१४' (इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत) लिहिलं, तर ती मुख्य ब्रँचमध्ये (मूळ कोडमध्ये) मर्ज होताच, म्हणजे मिसळताच, २१४ आपोआप बंद होतो. ही सोय एकदा वापरली की नंबरांवरून वाद घालणारेही गप्प बसतात.

नुसता नंबरही सांगू नका. २१४ चं २४१ ऐकू आलं तर कोणाच्या लक्षात येणार? आमच्याकडे "२१४, हमाली" असं बोलतात. आकडा चुकला तर शब्द पकडतो.

उद्या ट्रेलो सोडून दुसरीकडे गेलात, तर जुना नंबर नव्या कार्डाच्या वर्णनात लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लोक वर्षभर तोच शोधत राहतील.