"ताई, संस्थेनं नाही म्हटलं, आता प्रोजेक्टचं काय करू?"

जानेवारीत ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकचं फोल्डर होतं आणि त्यात ४७ प्रश्नांची प्रश्नावली. स्त्री अभ्यासात एम.ए., शेवटचं वर्ष. गाव सोलापूरकडचं, राहायला पुण्यात हॉस्टेलवर. (हे लिहायला तिनं परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) प्रोजेक्टचा विषय घरगुती हिंसा. बायकांसाठी सल्ला केंद्र चालवणाऱ्या एका संस्थेत इंटर्नशिप करायची आणि तिथेच ५० बायकांच्या मुलाखती घ्यायच्या, असा बेत होता. संस्थेनं कळवलं, केंद्रात येणाऱ्या बायकांशी बोलणं चालू असताना विद्यार्थ्यांना बसू देत नाही, मुलाखतीही नाहीत. सबमिशन तीन महिन्यांवर आलेलं. गाईड म्हणाले, विषय बदल. आणि दर रविवारी वडिलांचा फोन, "हे शिकून पुढं काय करणार हाईस?"

"ताई, माझं वर्ष वाया जाणार का?"

दर वर्षी या दिवसांत दोन-तीन मुली तरी हा प्रश्न घेऊन येतात. संस्थेचा नकार म्हणजे आपल्यावरचा अविश्वास, असं त्यांना वाटतं. हिलाही तसंच वाटत होतं.

मी प्रश्नावली मागितली. बारावा प्रश्न होता, 'तुमचे पती तुम्हाला मारहाण करतात का? होय / नाही.' मी तिला म्हटलं, समज, तू एका घरी गेलीस. सासू आतल्या दारात उभी आहे, मूल मांडीवर आहे. तू हे विचारलंस आणि ती बाई 'होय' म्हणाली. मग पुढं तू काय करशील?

ती म्हणाली, "टिक करीन." आणि स्वतःच गप्प झाली.

त्या बाईला आधार द्यायची तयारी नसेल तर असं विचारायचं नाही, हे मला ठामपणे वाटतं. निदान १८१ ही महिला हेल्पलाइन, जिल्ह्यातलं सखी केंद्र (अशा बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र), २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी, एवढं तरी विचारणाऱ्याच्या खिशात हवं. आपण गेल्यावर त्या घरात काय होईल याचा विचार आधी हवा. ज्या बाईनं मोठ्या धीरानं केंद्राची पायरी चढलेली असते, तिच्यासमोर वही घेऊन तिसऱ्या माणसाला बसवायचं नाही हा संस्थेचा नियम मला योग्यच वाटतो. मी तसं तिला सांगितलं. तिला ते आवडलं नाही.

मग मी विचारलं, हाच विषय का गं?

बराच वेळ ती फोल्डरचं बटण लावत-काढत राहिली. मग म्हणाली, "बहिणीमुळं."

त्या दिवशी प्रोजेक्टचं बोलणं तिथंच थांबलं. बहिणीसाठी काय करता येईल हे आम्ही वेगळं बसून बोललो, दोनदा. ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगते की बहिणीसाठी जे करायचं होतं त्याला शोधनिबंध लागत नव्हता, आणि हे दोन गुंते सुटे झाल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा उतरला. स्त्री अभ्यासाकडे वळणाऱ्या पुष्कळ मुली स्वतःचं दुखणं घेऊन येतात. त्यात गैर काही नाही. पण तेच दुखणं तीन महिन्यांत दहा क्रेडिटसाठी पन्नास अनोळखी बायकांच्या तोंडून पुन्हा ऐकायचं, याचा भार फार होतो. काही मुली त्यात आजारी पडताना मी पाहिल्या आहेत.

तिसऱ्या भेटीला ती उपाशी आली होती. विचारलं तर म्हणाली, आज पोळी-भाजी केंद्र बंद होतं, गल्लीतलं. रोज डबा तिथूनच. पोळ्या लाटणाऱ्या मावशी तिला नावानं ओळखायच्या, कधी एखादी पोळी जास्त घालायच्या. मी म्हटलं, त्या मावशी घरी जाऊन काय करतात?

"काय करणार? परत पोळ्याच."

हे म्हणताना तीच थबकली. विषय तिथं सापडला. केंद्रात पोळीमागे पैसे मिळतात, घरी तीच पोळी फुकट. दोन्ही मिळून त्या बाईचा दिवस कसा जातो?

"पण ताई, हे फारच साधं वाटतं," ती म्हणाली. मला ते साधं वाटत नाही. बाईच्या बिनपगारी कामाचा हिशेब मांडणं हे या विद्याशाखेचं फार जुनं काम आहे. १९७४ साली मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं केलं, तेव्हापासून या रस्त्यानं माणसं चालत आली आहेत. सरकारनं २०१९ साली देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता. ती करणाऱ्या पुरुषांचा ९७, आणि ती करणारे पुरुष मुळात २६ टक्केच. तिनं तेच रकाने आठ मावशींसाठी आखून घेतले.

पहिल्याच दिवशी रकाने अडले. "किती वाजता उठता?" याला उत्तर आलं, "नळाला पाणी आलं की." जेवण कधी? "धाकटा शाळेतून आला की." तिनं घड्याळ बाजूला ठेवलं आणि पाणी, शाळा, संध्याकाळची मालिका या खुणांवरून वेळ लावायला शिकली. मालिका बघताना मेथी निवडणं विश्रांतीत धरायचं की कामात, यावर आम्ही पाऊण तास वाद घातला. तिनं कामात धरलं, आणि का धरलं ते लिहिलं. लाटताना बोलायचं नाही हा नियम तिनं आपणहून घातला, कारण हात थांबला की मावशींच्या पोळ्या कमी होतात. मुलाखती दुपारी अडीचनंतर, मालक जेवायला गेल्यावर.

इंटर्नशिपसाठी ती त्याच संस्थेकडे परत गेली. या वेळी 'मला बसू द्या' न म्हणता 'मी काय करून देऊ' असं विचारलं. आठवड्यातून दोन दिवस मिळाले. बैठकांची टिपणं, शिबिरांच्या याद्या, कायद्याची माहितीपत्रकं सोप्या मराठीत लिहिणं. मुलींना हे काम दुय्यम वाटतं. पण संस्था कशावर चालते, पैसा कुठून येतो, कार्यकर्ती संध्याकाळी किती थकलेली असते, हे तिथंच कळतं.

वडिलांच्या प्रश्नावर आम्ही कागद घेऊन बसलो. महिला आर्थिक विकास महामंडळ, उमेदसारखी बचत गटांची अभियानं, स्वयंसेवी संस्था, प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा देऊन अध्यापन. २०१३च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती सक्तीची केली, त्यामुळे प्रशिक्षणाचं कामही आहे. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही वडिलांना सांग, असं मी म्हटलं. तिनं सांगितलं. रविवारचे फोन अजून येतात, पण आता ते मावशींबद्दलही विचारतात.

एप्रिलमध्ये सबमिशनच्या आधी ती केंद्रात गेली आणि लिहिलेलं सगळं मावशींना वाचून दाखवलं. एकीनं नवऱ्याबद्दल काही सांगितलं होतं, निबंधातला सगळ्यात जिवंत परिच्छेद तोच. ऐकून त्या मावशी म्हणाल्या, "हे नको गं." मुलीनं तो काढला. गाईडनी विचारलं तेव्हाही परत घातला नाही.

दुसऱ्या मावशींची तक्रार उलटी होती. त्यांनी रुमाल बांधलेला उजवा हात पुढं केला आणि विचारलं, "माझ्या मनगटाचं कुठं लिहिलंस?" तिनं लिहिलं नव्हतं. स्पायरल बाइंडिंग झालेलं होतं. ती तशीच झेरॉक्सच्या दुकानात गेली, स्प्रिंग काढून घेतली आणि मनगटाचं पान घालून पुन्हा बांधून आणलं.