रात्रीच्या केससाठी पैसे उभे करताना

अगं, पहिली गोष्ट, रस्त्यावरच्या कुत्र्याला गाडीनं उडवल्यावर लगेच लोकांकडे पैसे मागायला बसू नकोस, आधी दवाखान्यात ने आणि डॉक्टरांकडून लेखी एस्टिमेट घे, एक्स-रे किती, ऑपरेशन किती, नंतरचे ड्रेसिंग किती, सगळं वेगवेगळं. त्या कागदाचा फोटो टाकलास की लोक विश्वासानं देतात. रक्तबंबाळ फोटो नको, लोक बघवत नाही म्हणून पुढे सरकतात, डोळे दिसतील असा एक साधा फोटो पुरतो.

क्यूआर कोड आपल्या प्राणी-संस्थेच्या खात्याचाच लाव, स्वतःचा कधीच नाही, हे मी कळकळीनं सांगतेय. ८०जीची, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी पावती हवी असेल तर २००० च्या वर कॅश चालत नाही हे देणाऱ्याला आधीच सांग. अमेरिकेतला मावसभाऊ तिकडच्या खात्यातून पाठवतो म्हणाला आणि तो तिकडचा नागरिक असेल, तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला ते घेता येत नाहीत बरं का.

आणि पिल्लू दगावलं तरी त्याच दिवशी कळव, बिल टाक, उरलेले पैसे कुठे जातील ते लिही. हे लिहिताना हात थरथरतो, माझा अजूनही थरथरतो, पण लिहायचंच. शक्य झालं तर दर महिन्याला १०० रुपये देणारे पन्नास जण जोड, म्हणजे रात्री दोन वाजता फोन आला की ॲडव्हान्ससाठी हातात काहीतरी असतं.