रूळ करायचाय? आधी वजन कमी कर
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, आमचं शेत गोव्यात सत्तरीत, वाळपईपासून जवळच. सोरदीचं म्हणजे पावसाळी भात कापून झालं की त्यातल्या साधारण २५०० चौरस मीटरमध्ये आम्ही अळसांदे (चवळीचा प्रकार) घालतो. गेल्या वर्षी उगवण अगदी विरळ झाली, नांग्याच नांग्या (रिकाम्या जागा), दोनदा बी टोचलं तरी भरल्या नाहीत. एकाने सांगितलं पेरल्यावर माती दाबली नाही म्हणून असं होतं. घरी २०० लिटरचा जुना पत्र्याचा ड्रम पडलाय, त्यात काँक्रीट भरून, मधून पाइप घालून रोलर करायचा विचार आहे, मित्राचं वेल्डिंगचं दुकान आहे. ७ एचपीचा पॉवर वीडर (तण काढायचं यंत्र) आहे त्याला जोडता येईल का, आणि बेअरिंग कुठलं घालू? बाबा म्हणतात एवढं काही नको, फळी फिरवली की झालं.

उत्तर : बाबा रे, रोग बरोबर ओळखलायस पण औषधाचा डोस फार होतोय. २०० लिटर काँक्रीट म्हणजे ४८० किलो, वर ड्रमचे २० धर, झाले ५००. तुमच्या पायऱ्या पायऱ्यांच्या शेतात ५०० किलोचा रूळ नेणार कसा आणि एका मेरेवरून, म्हणजे बांधावरून, खालच्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) उतरवणार कसा ते आधी सांग. आणि एवढ्या वजनाची गरजच नाही.

माती दाबायची म्हणजे रस्त्यासारखी घट्ट करायची नसते. भात कापल्यावर जमीन वरून सुकत येते, खाली ओल असते. नांगरलं की ढेकळं निघतात, ढेकळांच्या मधे पोकळ्या राहतात आणि बी नेमकं त्या पोकळीत लटकतं. ओल खालून वर चढते ती मातीचा कण कणाला लागून असतो म्हणून, दिव्यातली वात मधेच तुटली तर तेल वर चढेल का, तसंच. बी फुगतं, मोड येतो, आणि मग पाणी न मिळाल्यामुळे तो मोड आतल्या आत वाळतो. गेल्या वर्षी नांगीच्या जागी उकरून बघितलं असतंस तर असे सुकलेले मोड सापडले असते, बी खराब नव्हतं. रुळाने फक्त ही पोकळी मोडायची, बस.

आता हिशोब बघ. ६० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला की तळव्याखाली पावणेदोनशे चौरस सेंटिमीटर जागा येते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ३५० ग्रॅम दाब. १०० किलोचा, ३ फूट लांब रूळ मऊ मातीत ७-८ सेंटिमीटर रुंद पट्टा धरून चालतो, त्याचा दाब येतो १५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पायाच्या दाबाच्या निम्म्याहून कमी. जुनी माणसं पेरलेल्या ओळीवरून पाऊल टाकत जायची ती उगाच नाही. १००-२०० मीटरच्या परसात मी अजूनही पायानेच दाबतो आणि तुम्हीही तेच करा असं सांगेन. पण २५०० मीटरला पाय पुरणार नाहीत, तिथे रूळ हवा, तो १०० किलोचा पुष्कळ झाला.

बनव कसा ते सांगतो. २५० मिमीचा म्हणजे १० इंची पीव्हीसी पाइपचा ३ फुटी तुकडा घे, कुणाच्या तरी बोअर नाहीतर पाण्याच्या लाइनच्या कामातून उरलेला असतोच. त्यात काँक्रीट भरलं की १०० किलोच्या आसपास भरतो. ८ इंची घेतलास तर ६० च्या थोडा वर, एकट्याला ओढायचा असेल तर तोच बरा. मधला कणा १ इंची जीआय पाइपचा, दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर राहील एवढा लांब. कण्याला मधल्या भागात १० मिमी सळीचे तीनचार आडवे तुकडे वेल्ड करून घे, नाहीतर काही दिवसांनी कणा काँक्रीटमधून सुटतो आणि आत ढिला होऊन खडखडत राहतो. पाइपचा तुकडा प्लायवर उभा कर, खाली मधोमध भोक, वर आडव्या फळीत मधोमध भोक, त्यात कणा अडकव आणि ओळंबा लावून बघ. इथे आळस केलास तर रूळ आयुष्यभर लंगडत चालेल, एक उडी एक गचका, आणि माती कुठे दबेल कुठे नाही. १ : २ : ४ चं (सिमेंट, रेती, खडी) काँक्रीट, खडी बारीक, थोडं थोडं ओतून सळीने कोचत जायचं आणि बाहेरून हातोडीने हलकं ठोकायचं म्हणजे हवा निघते. निदान ७ दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेव, २ आठवडे तरी शेतात नेऊ नको. पीव्हीसी काढायचं नाही, ते गुळगुळीत असतं म्हणून माती कमी चिकटते.

काँक्रीट ओतायच्या आधी अजून एक काम आहे, ते विसरलास तर नंतर होत नाही. सायकलच्या जुन्या टायरच्या पट्ट्या कापून पाइपला बाहेरून ४-४ इंचांवर कड्यासारख्या गुंडाळ आणि बाहेरून आत लांब स्क्रू मार, स्क्रूची टोकं आत काँक्रीटमध्ये अडकतात, पट्ट्या कायमच्या बसतात. या कड्यांमुळे जमिनीवर बारीक बारीक सऱ्या उमटतात. सपाट रुळाने जमीन आरशासारखी होते आणि नोव्हेंबरात एखादी अवकाळी सर आली की आपली लाल माती वरून अशी खपली धरते की मोड खालीच वाकडा होतो. सऱ्या असल्या की खपली सलग धरत नाही, भेगेतून कोंब निघतो.

बेअरिंगचं विचारलंस. माणसाच्या चालीने फिरणाऱ्या रुळाला बेअरिंगची चैन नको. १ इंची जीआय पाइप सव्वा इंची पाइपच्या आत जातो, दीड-दोन मिमी ढिला, तेवढं बरोबर असतं. सव्वा इंचीचे ३-३ इंचांचे दोन तुकडे दांड्याच्या फ्रेमला वेल्ड करून घे, ग्रीस भर, बाहेरून कॉटर पिन. धूळ गेली तर पुसायची आणि परत ग्रीस लावायचं, १० मिनिटांचं काम. अगदी बेअरिंगच हवं असेल तर २५ मिमीचा सॉलिड बार कणा म्हणून घाल आणि यूसीपी २०५ चे दोन प्लमर ब्लॉक लाव, बाजारात सहज मिळतात.

पॉवर वीडरला जोडू नको. तो पात्यांवर चालतो, मागे वजन लागलं की पाती जागच्या जागी खड्डा खणत बसतात. पाती काढून लोखंडी चाकं लावलीस तर ओढेल, पण १०० किलो दोघं जण आरामात ओढतात, १००० चौरस मीटरला तासभर धर.

तो पत्र्याचा ड्रम मात्र मनातून काढ, निदान मित्राला त्यावर वेल्डिंग करायला देऊ नको. ऑइलचा, थिनरचा किंवा कसल्याही केमिकलचा बंद ड्रम रिकामा दिसला तरी आत वाफ असते, आणि गॅस कटर किंवा वेल्डिंगची ठिणगी लागली की तो बाँबसारखा फुटतो, यात माणसं दगावलीत. हे मी कळकळीने सांगतोय.

फिरवायचा कधी, हे मला रुळापेक्षा महत्त्वाचं वाटतं. वाफसा बघ, म्हणजे माती ना चिकट ओली ना कोरडी. पेरायच्या खोलीवरची मूठभर माती घेऊन दाब, गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने टिचकी मारली की फुटला पाहिजे. गोळा चपटा झाला, बोटाला चिकट लागला, तर त्या दिवशी घरी जा. मी एका वर्षी घाई केली होती, सकाळी दव होतं, खालची जमीन अजून ओलसर, आणि मजूर आलेले म्हणून थांबलो नाही. चार पावलांत रुळाला मातीचा थर चढला आणि बघतो तर त्या थरात अळसांदे चिकटलेले, चिक्कीतल्या शेंगदाण्यासारखे, ओळीच्या ओळी बी जमिनीतून उचलून वर आलेलं. उरलेल्या जागी माती इतकी बसली की पुढे खुरपं लागेना. दोन तास उन्हं चढेपर्यंत थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. बरोबर दबली की नाही हे टाचेने बघायचं, रूळ फिरल्यावर जमिनीवर उभा राहा, टाच अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतता कामा नये, आणि अजिबात उमटलीच नाही तर जास्त झालं. एकदाच फिरव, दोनदा नको.

आणि बाबांचं खोटं नाही हां. फळीने ढेकळं फुटतात आणि जमीन सपाट होते, ते रुळाने होत नाही. आधी फळी, मग ३-४ सेंटिमीटर खोल पेरणी, मग रूळ, हा क्रम ठेव. फक्त फळीवर पोराटोरांना बसवू नका, पाय खाली जातो. उतारावर रूळ आडवा चालवायचा, उताराच्या दिशेने कधी नाही, आणि ठेवताना दोन्ही बाजूंना चिऱ्याचा तुकडा लावायचा, १०० किलो एकदा सुटला की कुणाच्या हातात राहत नाही.

प्रश्न : आमची खाजनाकडेची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट जमिनीजवळची) शेती पेडण्यात आहे. आतला लहान बांध दरवर्षी कुठेतरी फुटतो. माती टाकतो, पायाने तुडवतो, तरी पावसात बसते. घरच्या घरी काही साधन करता येईल का? कामाला मी आणि सासूबाईच असतो.

उत्तर : ताई, तुम्हाला धुम्मस (माती ठोकून बसवायचं दांड्याचं वजन) हवी, आणि ती तुमच्या दोघींना झेपेल अशी हलकी. रंगाचा जुना डबा घ्या, त्यात फक्त ३ लिटर काँक्रीट भरा, म्हणजे ७ किलो होतं. मधे सरळ दांडा उभा करा, कमरेच्या वर येईल एवढा, दांड्याच्या खालच्या टोकाला दोनतीन खिळे आडवे मारून ठेवा म्हणजे सुटत नाही. १० किलोची करू नका, अर्ध्या तासात खांदे जातात आणि मग ठोकणंच राहतं.

पण तुमचा बांध बसतो तो बहुतेक ठोकण्याच्या पद्धतीमुळे. एकदम फूटभर माती टाकून वरून कितीही ठोकली तरी खालची पोकळच राहते. वीतभरापेक्षा कमी, ५-६ इंचांचा थर टाका, तो नीट दाबा, मग वरचा. दोन थरांच्या मधे वरचा पापुद्रा कुदळीने खरवडून घ्या नाहीतर थर एकमेकांना धरत नाहीत. चिखल धुम्मसला चिकटत असेल तर एक दिवस वाळू द्या, आणि माती भुरभुरत असेल तर पाणी शिंपडा. खेकड्यांची बिळं वरून बुजवून काही होत नाही, शेवटपर्यंत खणून काढा आणि तीही थराथरानेच भरा, बांध फुटतो तो तिथूनच. आणि जिथे बांध मानशीला (खाडीचं पाणी आतबाहेर सोडणाऱ्या दाराला) मिळतो तिथलं काम तुम्ही दोघींनी अंगावर घेऊ नका, पाण्याचा सगळा जोर तिथे असतो, ते गावाने मिळून करायचं काम आहे.

प्रश्न : भुईमुगावर रिकामा ड्रम फिरवतात ते कशासाठी, आणि आम्ही डिचोलीत करून बघावं का?

उत्तर : बघा जरूर. भुईमुगाचं फूल वर येतं आणि शेंग खाली धरते, मधे आरी, म्हणजे फुलातून खाली वाढणारा देठ, जमिनीत शिरावी लागते. ज्या आऱ्या उंच राहतात त्या वाऱ्यावर सुकतात. म्हणून पीक ४० ते ५० दिवसांचं असताना २०० लिटरचा रिकामा ड्रम ओळींवरून दोन वेळा फिरवतात, फांद्या खाली टेकतात आणि आऱ्या मातीपर्यंत पोचतात. ड्रम रिकामाच हवा, वरच्या उत्तरातला काँक्रीटचा रूळ इथे चालणार नाही, आरीला भुसभुशीत माती लागते. त्याआधी खुरपणी करून झाडांना भर लावून घ्या, आणि ड्रम फिरवल्यावर खुरपं बंद, गवत दिसलं तर हाताने उपटा, नाहीतर मातीत शिरलेल्या आऱ्या तुटतात.